वंदूचं गाव

आमच्या घरात सगळेच जरा मोठ्यानं बोलतात आणि नवीन माणसाला ते भांडण वाटतं. याचं कारण कोराडीचं वीजकेंद्र. वसाहतीतलं आमचं क्वार्टर कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यापासून फार लांब नव्हतं. तो पट्टा चालू असला की त्याची घरघर अशी अखंड असायची की ती थांबली तरच आम्ही दचकायचो. अधूनमधून बॉयलरची वाफ सोडत, तेव्हा बोलणं अर्ध्यावर ठेवून गप्प राहायचं आणि वाफ संपली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं. आई वाळलेले कपडे आत आणताना प्रत्येक कपडा दोनदा झटकायची, कारण राखेचा पातळ थर त्यावर बसलेला असे. बाबा कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. त्यांच्या शिफ्टप्रमाणे आमच्या घरी कधी सकाळी भाजीपोळी व्हायची, तर कधी भर दुपारी न्याहारीचे पोहे. मी तेव्हा अकरावीत होते, आणि घरात मी एकटीच मूल असल्यामुळे मोठ्यांच्या बोलण्यात बसायची मला सवय होती.

रविवारी सकाळच्या बसनं शहरातल्या सक्करदऱ्याहून कुंदामावशी यायची. आईची धाकटी बहीण. तिशी आलेली, लग्न न केलेली, आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं की गोड हसून पाणी मागणारी. ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती येणार म्हणून आई आदल्या दिवशीच हरभऱ्याची डाळ भिजत घालायची, कारण मावशीला गोळाभात लागे. डाळ जाडसर वाटायची, तिखट-हळद घालून गोळे वळायचे आणि शिजत आलेल्या भातात ते अलगद सोडायचे. वाढताना वरून लाल मिरचीची कडकडीत फोडणी. त्या फोडणीनं सगळ्यांना ठसका लागायचा आणि मावशी खोकत खोकत म्हणायची, ‘अजून थोडं तेल दे ना वं ताई.’

त्या वर्षी तिनं क्लासची नोकरी सोडली. कॉम्प्युटरवरचा एक खेळ ती स्वतः लिहिणार होती, मराठीतला, आणि तो विकणार होती. आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी मात्र एकच विचारलं की खेळ कशाचा. मावशी म्हणाली, ‘तुमचाच आहे, भाऊजी.’ खेळात एक गाव होतं आणि त्या गावाचं वीजघर खेळणाऱ्याच्या हाती. कोळशाचे ट्रक येणार, कधी वेळेवर, कधी नाही. वीज कमी पडली की कुणाला अंधारात ठेवायचं हे आपण ठरवायचं: दवाखाना, पिठाची गिरणी, सिनेमा, शाळा, विहिरींवरचे पंप, नाहीतर साधी घरं. खेळाचं नाव तिनं ‘उजेड’ ठेवलं होतं.

बाबांना दाखवता यावा म्हणून तिनं आपल्याकडचा एक जुना कॉम्प्युटर आमच्या पुढच्या खोलीत आणून मांडला. बाबा शिफ्टवरून आले की हातपाय धुऊन त्याच्यासमोर बसायचे आणि खेळातल्या चुका काढायचे. बॉयलर थंड पडला की बटण दाबून लगेच सुरू होत नसतो, त्याला वेळ द्यावा लागतो, हे त्यांनी तिला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तिनं तो वेळ खेळात घातला, आणि त्यामुळेच खेळ अवघड आणि चांगला झाला. गावातली माणसं तक्रार करायला यायची, त्यांना आमचेच आवाज दिले होते. एका दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून, वाफ थांबायची वाट बघत आम्ही ते आवाज टेपवर घेतले. बाबांचा होता, ‘बत्ती काहून गेली गा?’ माझा, ‘उद्या माझा पेपर आहे!’ आणि आईचा, जो सगळ्यात झकास झाला, ‘अवं बाई, दळण अर्धं राहिलं ना!’ आई लाजून पदर तोंडाला लावून बोलली होती, म्हणून तो तीनदा घ्यावा लागला.

खेळ पुरा झाल्यावर मावशीनं सीडी छापून घेतल्या, त्यांची खोकी बनवली आणि शहरात बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात विकायला ठेवली. माझ्यासाठी तिनं एक वेगळी सीडी केली. इतरांच्या खेळात सुरुवातीला नुसतं ‘उजेड’ येई. माझ्यात त्याखाली यायचं, ‘वंदूच्या गावात आपलं स्वागत आहे.’ वंदना हे माझं नाव, पण शाळा सोडली तर त्या नावानं मला कुणीच हाक मारत नसे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्वतःचं नाव पाहण्याचं आज काहीच वाटत नाही. माझी मुलगी दिवसभर आपलं नाव पडद्यावर बघत असते. मला तेव्हा कुणीतरी खरंच गाव इनाम दिल्यासारखं वाटलं.

आता गाव मिळालं तर ते दाखवायला नको का? अधिकाऱ्यांच्या बंगल्यांकडे अभय म्हणून एक मुलगा राहायचा, इंजिनीअरिंगला होता. वसाहतीत सीडी लिहायचं यंत्र फक्त त्याच्याकडे. त्याच्याकडे परदेशी खेळांची मोठी चळत होती, सगळी नकललेली, वर हातानं नावं लिहिलेली. त्यानं माझी सीडी एका दिवसासाठी मागितली. मी दिली. परत देताना त्यानं विचारलं की मित्रासाठी एक नक्कल काढली तर चालेल ना. मी हो म्हणाले. पुढे माझ्या मैत्रिणींना हवी झाली, तेव्हा कोऱ्या सीडी घेऊन मी स्वतःच त्याच्याकडे गेले. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर बरीच वर्षं मी ही गोष्ट सांगताना सगळं अभयवर ढकलत असे.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. संध्याकाळी दूध आणायला निघालं की एका खिडकीतून बाबा विचारायचे, बत्ती काहून गेली गा, आणि चार घरं पुढे आई ओरडायची, दळण अर्धं राहिलं ना. आई भाजी घ्यायला गेली की पोरं मागून तिच्याच आवाजात दळण म्हणायची. ती रागावल्यासारखं करायची, पण घरी येऊन बाबांना सांगताना तिचा चेहरा फुललेला असे. वसाहतीतून खेळ बाहेर कसा गेला ते कळलं नाही. कुणाचा चुलतभाऊ, कुणाचे पाहुणे. शाळेत मला न ओळखणाऱ्या मुली येऊन विचारायच्या, ती वंदू तूच का? आणि मी मान डोलवायची.

मावशी रविवारी येत होती. आई विचारायची, कसं चाललंय, आणि ती म्हणायची, ‘पाहू.’ पुढे पुढे ती गोळाभात पहिल्यासारखा खाईना. दुकानदार म्हणे, लोक खोकं हातात घेतात, उलटंसुलटं पाहतात आणि परत ठेवतात. मी तिथेच ताट घेऊन बसलेली असायची. दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या, एक म्हणजे खिडक्यांतून येणारा आईचा आवाज आणि दुसरी मावशीचं ते ‘पाहू’, पण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं मला खरोखर वाटलं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे कळू नये का? कळायला हवं होतं. पण आनंदात असलेलं माणूस हिशेब जुळवायला बसत नाही.

मग एका बुधवारी ती आली. रविवार सोडून ती कधी आली नव्हती, म्हणून दार उघडताना आईला वाटलं सक्करदऱ्याला काही वाईट घडलं. मावशी कळमेश्वरहून बस बदलून आली होती. तिथल्या एका शाळेत ती खेळ दाखवायला गेली होती. मुख्याध्यापकांना पसंत पडला तर ते आणखी चार शाळांना सांगणार होते, आणि या एका भेटीवर तिनं बरंच काही लावून ठेवलं होतं. तिनं पिशवीतून खोकं काढलं, तर तिथले कॉम्प्युटरचे सर कौतुकानं म्हणाले की मॅडम, हा तर आमच्याकडे आहे, पोरांना फार आवडतो. आणि त्यांनी तो सुरू करून दाखवला.

हे सगळं तिनं पाणी पिऊन, पेला खाली ठेवून, शांतपणे सांगितलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘वंदू, त्याच्यात तुझं नाव होतं.’

बाहेर वाफ सुटली. ती संपेपर्यंत आम्ही चौघंही थांबलो.

बाबाच पुढे बोलले. त्यांचं म्हणणं असं की ज्यांनी नक्कल घेतली ते मुळात विकत घेणारे लोकच नव्हते. ज्याच्या घरी कॉम्प्युटर कसाबसा आलाय तो बर्डीला जाऊन खेळ कशाला घेईल? उलट नाव झालं, पुढचा खेळ लोक नाव पाहून घेतील. बाबांनी हे मला वाचवायला म्हटलं की त्यांना खरंच तसं वाटत होतं, ते मी आजही सांगू शकत नाही. मावशीनं ते नीट ऐकून घेतलं.

‘असन भाऊजी. जे घेणारच नव्हते ते खेळले, त्याचं मले काहीच दुःख नाही. पण त्यातले कोण घेणार होते, हे मले आता कधीच समजणार नाही. खेळ वाईट होता म्हणून विकला नाही, का चांगला होता म्हणून विकला नाही? दुसरा लिहावा का नाही, हे मी कशावरून ठरवू?’

आईनं तिला जेवायला थांबवायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. पिशवी उचलून ती बसकडे निघाली.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वेडेपणा सुरू केला. आपल्याला जे कधीच समजणार नाही असं ती म्हणत होती, ते मी शोधून आणायचं ठरवलं. वसाहतीत त्या खेळाला सगळे ‘वंदूचं गाव’च म्हणत; तो ज्यांच्या ज्यांच्याकडे होता त्यांच्या घरी जाऊन मी एकच प्रश्न विचारायची: ही नक्कल मिळाली नसती, तर तुम्ही खेळ विकत घेतला असता का? आज मोठमोठी माणसं या प्रश्नावर वाद घालताना मी ऐकते. कुणी ठासून सांगतो की प्रत्येक नक्कल म्हणजे एक बुडालेला ग्राहक, कुणी तितकंच ठासून सांगतो की फुकट्यांमुळे कुणाचं काही बुडत नाही, झाली तर जाहिरातच होते. मला दोघांचाही हेवा वाटतो. मी एका वसाहतीपुरतं दारोदार फिरून विचारलं होतं आणि मला उत्तर सापडलं नाही.

बरेच जण हसून म्हणाले की छे, कशाला घेतला असता. ते खरं बोलत होते, त्यांच्या घराकडे पाहूनच कळत होतं. माझी मैत्रीण म्हणाली, घेतला असता, पण ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, म्हणून मी ते धरलं नाही. अभयला विचारलं तर तो आधी म्हणाला की मोठ्या कंपन्यांना असल्यानं काही फरक पडत नाही. मी म्हटलं, ही कंपनी आमच्या पुढच्या खोलीत बसते. हातातली सीडी फिरवत तो म्हणाला की मी असा विचारच केला नव्हता गं. खेळ करणारं माणूस कुठेतरी लांब असतं असंच वाटायचं. मग त्याच्या आई आतून आल्या. त्या पुण्याकडच्या. म्हणाल्या, ‘अगं, हा दुकानात मिळतो हे मला कुठे ठाऊक होतं? तुझ्या मावशीचा आहे हे आधी बोलली असतीस, तर आम्ही दोन घेतले असते, एक भाचरांना.’ इतर कुणाच्याही उत्तरानं मला रडू आलं नव्हतं. त्यांच्या उत्तरानं आलं.

आणि एक लांजेवारकाका निघाले. बाबांच्याच वीजकेंद्रात, कोळसा उतरवायच्या कामावर. त्यांच्या घरी नक्कल होती, पण ती शेवटच्या टप्प्यावर अडकायची. त्यांच्या लेकीला, नऊ वर्षांच्या मीनूला, शेवट बघायचाच होता. म्हणून काका सुट्टीच्या दिवशी बसनं बर्डीला गेले आणि दुकानातून खोकं घेऊन आले. ते त्यांनी देवाच्या फोटोशेजारी ठेवलं होतं. म्हणजे नक्कल नसती तर त्यांना खेळ माहीत झाला नसता आणि त्यांनी तो घेतलाही नसता. मी हे वहीत लिहून घेतलं आणि माझं मलाच कळेना की हे कुणाच्या बाजूला मांडायचं.

शनिवारी मी एकटी बसनं सक्करदऱ्याला गेले. मावशी तलावाच्या बाजूला एका वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. न विकली गेलेली खोकी पलंगाखाली होती, दुकानदारानं परत पाठवलेली. मी तिला सगळ्यांची उत्तरं वाचून दाखवली, अभयच्या आईंचं सुद्धा, जे वगळावं असं सारखं वाटत होतं. तिनं मध्ये कुठेच थांबवलं नाही. शेवटी मी म्हणाले की मी तुला विचारायला हवं होतं.

ती म्हणाली, ‘हो. किती नुकसान झालं हे मी सिद्ध करू शकत नाही वं. पण तू मले विचारलं नाही, एवढं पक्कं आहे. तेच जास्त लागलं.’ मग चहा ठेवायला उठली आणि आतून तिनं विचारलं की ती लांजेवारांची पोरगी शेवटपर्यंत पोचली का?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती नेहमीच्या बसनं आली आणि जेवायच्या आधी मला घेऊन लांजेवारकाकांकडे गेली. ती कोण हे मी सांगायला लागले तर तिनं माझा हात दाबला. नुसती पाहुणी म्हणून ती मागच्या खुर्चीवर बसली. मीनू खेळत होती आणि शेजारची तीन-चार पोरं खांद्यावरून सूचना देत होती. मावशीनं आपला खेळ दुसरं कुणी खेळताना असा कधी पाहिला नव्हता. ट्रक उशिरा आला की पोरं ‘आला नाही, आला नाही’ करत पाय आपटायची. बाबांचा आवाज आला की सगळी त्याच्याबरोबर म्हणायची. बॉयलर तापायच्या त्या लांबलचक वेळात मीनूनं श्वास रोखून धरलेला मला दिसत होता. मी मावशीकडे पाहिलं. ती पुढे झुकली होती आणि तिचे ओठ पोरांबरोबर हलत होते.

कोळसा कमी पडला. मीनूनं सिनेमा बंद केला, मग शाळा, आणि मग गिरणीला हात न लावता थेट पहिल्या ओळीतलं कडेचं घर अंधारात टाकलं. ते माझं घर आहे, असं तिनं आधीच आम्हाला सांगितलं होतं. मावशीला राहवलं नाही. तिनं विचारलं, ‘स्वतःच्याच घरची बत्ती काहून बंद केली?’

मीनू पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, ‘घरी आई आहे ना. ती दिवा लावते.’

असलं काही मावशीनं खेळात घातलेलं नव्हतं. खेळाच्या दृष्टीनं सगळी घरं सारखीच होती. ती उठली, मीनूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आम्ही बाहेर पडलो. रस्त्यानं ती इतक्या भराभर चालत होती की मला जवळजवळ धावावं लागत होतं. ती बोलत होती, स्वतःशीच बोलावं तशी. त्या पोरीनं एका वाक्यात तिला दुसरा खेळ सुचवला होता. पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला, ती म्हणाली, यात गाव वगैरे नाहीच, एकच घर. घरी पोचेपर्यंत तिचे डोळे चमकत होते. आई पानं घेत होती. मावशीनं हात धुतले, पाटावर बसली, गोळाभात मागून घेतला, ठसका लागेपर्यंत खाल्ला. आणि मग आईला सांगितलं की एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात तिला नोकरी मिळाली आहे, आणि तिनं शुक्रवारीच होकार कळवला आहे.

शुक्रवारी. म्हणजे मी माझी वही घेऊन जायच्या आदल्या दिवशी. मी हा दिवस पुष्कळदा मनात मागेपुढे केला आहे. आई आनंदली, कारण तिला हेच हवं होतं. बाबांनी फक्त पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे एकदा पाहिलं.

मावशीनं त्या बँकेत स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत काम केलं आणि चांगलं केलं. तिच्याबद्दल कुणी हळहळावं असं तिचं आयुष्य नाही. ती प्रवास करते, तलावाकाठी फिरायला जाते, माझ्या मुलीशी मोबाइलवर खेळते आणि हरते. माझ्यावरचा तिचा राग गेला, की तो कधी नव्हताच, हे मला माहीत नाही. आमच्यात त्यानंतर कधी अंतर पडलं नाही. मी स्वतः तंत्रनिकेतनात विजेचा विषय शिकवते. बॉयलर बटण दाबून सुरू होत नसतो, हे मी दरवर्षी नव्या पोरांना सांगते. तिचा तो पहिला खेळ विकला गेला असता तर तिनं बँक नाकारली असती का? नक्कल नसती तर तो विकला गेला असता का? दोन्हीचं उत्तर मी आज सुद्धा छातीवर हात ठेवून देऊ शकत नाही.

पण त्या रविवारी दुपारी लांजेवारकाकांच्या घरापासून आमच्या क्वार्टरपर्यंत ती मला काहीतरी सांगत होती. एकच घर, अंधार, आणि त्यात घरातल्यांनी काय काय करायचं. मी तिच्यामागे धावत होते आणि माझं निम्मं लक्ष तिनं मला माफ केलं की नाही याकडे होतं. कोळशाचा पट्टा चालू होता, तिचे अर्धे शब्द मला ऐकू आले नाहीत, आणि पुन्हा सांग असं मी म्हणाले नाही.

मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं, तो दुसरा खेळ नेमका काय होता गं? तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि मनापासून आठवायचा प्रयत्न केला. मला दिसत होतं, ती खरंच प्रयत्न करत होती. मग मान हलवून म्हणाली, ‘चांगला होता, एवढंच आठवते.’